वाहक

मंगळवार, सव्वादहा. स्विंडनच्या हॉस्पिटलात लिव्हर क्लिनिक.
माझी खुर्ची जरा मागे असते,
दोघांच्या मधेही नाही, कुणाच्या बाजूलाही नाही.
दुभाष्याचा नियम असा :
पेशंट म्हणाला 'मी', तर आपणही 'मी'च म्हणायचं.
दुपारपर्यंत माझा एक गुडघा बदलून होतो,
एक घटस्फोट.

आता मी उत्तम रेडकर, वय एक्केचाळीस,
गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात रात्रपाळी.
मी रक्त द्यायला गेलो होतो,
मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली म्हणून.
त्यांनी सरबत दिलं, बिस्किटं दिली, दंडाला पट्टी लावली,
आणि तीन आठवड्यांनी पत्र.
दान परत.

डॉक्टर प्रॉसर कागदावर यकृत काढतात.
बरं काढतात. कैरीच्या फोडीसारखं.
काल बरगडीवर यंत्राने टिचक्या मारून मोजलंय :
थोडं कडक झालंय, फार नाही.
हिपॅटायटिस बी. जुना. बहुतेक जन्मापासूनचा.

पत्रातल्या एका शब्दावर ते बोट ठेवतात.
आम्ही हा शब्द हल्ली वापरत नाही, डॉक्टर म्हणतात,
पण बोट हलत नाही.
माझ्या वहीत त्याला प्रतिशब्द आहे. मी म्हणते : वाहक.

आणि ते हसतात. आज पहिल्यांदा.
"माझो बापूस वाहक होतो. कुडाळ डेपो.
म्हणजे शेवटाक माका पण लागली नोकरी."

हसण्याचंही भाषांतर करावं लागतं.
मी एसटी समजावते, चामड्याची पिशवी, घंटीची दोरी,
तिकिटाला भोक पाडणारा चिमटा.
वीस मिनिटांतली चार जातात.
डॉक्टर पेन खाली ठेवतात. मग असं समजा, म्हणतात,
गाडीत एक विनातिकीट बसलाय, एक्केचाळीस वर्षं.

"उतरवूक येता?"

गावाकडे कावीळ उतरवतात.
हाताला चुना लावतात, परातीत चोळतात,
पाणी पिवळं होतं, सगळ्यांना दिसतं.
इथे तर डोळे पांढरेशुभ्र,
जे काही आहे ते फक्त आकड्यात, सात अंकी.

उतरणार नाही, मी म्हणते, डॉक्टरांचा 'मी' होऊन.
रोज एक गोळी. मग तो जागेवर बसून राहील.
मनाने बंद करू नका, उठून धिंगाणा घालेल.
सहा महिन्यांनी सोनोग्राफी, चुकवायची नाही.
बायकोची आणि मुलीची तपासणी, मग लस.

तीन आठवडे मी वेगळ्या ताटात जेवतोय.
मी मुलीचा पापा घेतलेला नाही.
हे मी इंग्रजीत म्हणते, सरळ, नियमाप्रमाणे,
आणि घसा खाकरते.
ताट एकच असू दे, डॉक्टर म्हणतात. पापा घ्या, आजच घ्या.
वेगळा ठेवायचा तो दाढीचा वस्तरा आणि दातांचा ब्रश.

मग उरतं ते क्रियापद.
आईने दिला? आईकडून लागला? आईमुळे?
मराठीत प्रत्येकाला बोट आहे आणि ते बोट कुणाकडे तरी जातं.
मी निवडते : आईबरोबर आला.
खरं तर तिलाही कळलं नसेल. तिच्या आईलाही.
तिचंही रक्त तपासायला हवं, भावंडांचंही.

"ह्या आवशीक सांगूचा काय नको?"

हा प्रश्न मी इंग्रजीत विचारते : माझ्या आईला सांगू का?
आणि इचलकरंजीत, कपडे वाळत घालताना,
माझी आई मागे वळून बघते.
तिची कुठलीच तपासणी कधी झालेली नाही.
माझीही.

बाहेर आम्ही एकाच थांब्यावर. नियमाप्रमाणे बोलायचं नसतं.
ते औषधाची पिशवी छातीशी धरून उभे.
इथल्या बसला वाहक नसतो.
रेडकर चढले, कार्ड टेकवलं, मधल्या दांड्याला टेकले,
आणि मागे वळून, घरच्या सवयीने असेल,
नजरेनेच मोजलं :
किती चढले.